सर्वोच्च न्यायालयातली रिकामी खुर्ची आणि जन्मतारखेचा हिशेब

लॉच्या चौथ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयात जागा रिकामी झाली की पुढचं नाव नेमकं कोण ठरवतं आणि कशावरून? तिच्या भागातून हायकोर्टावर गेलेल्या एका न्यायमूर्तींचे निकाल तिला वर्गात शिकवतात, मग ते दिल्लीला का गेले नाहीत? आणि अमेरिकेत होते तशी उघड मुलाखत आपल्याकडे का नाही?

मुंबई हायकोर्टात वकिली करून मला तीस वर्षं उलटली. अलीकडची दहा-बारा वर्षं महिन्यातले आठ-दहा दिवस दिल्लीत जातात. कुठल्याही निवडीच्या खोलीत मी कधी बसलेलो नाही, पण ज्यांची नावं झाली आणि ज्यांची राहिली अशा दोघांसमोरही उभा राहिलो आहे. त्यावरून सांगतो. पात्र माणसं नेहमीच पाच-सात असतात. त्यांतून एक नाव निघतं ते बहुतेक वेळा कॅलेंडरवरून. जन्मतारीख काय, हायकोर्टावर शपथ कधी झाली, पॅरेंट हायकोर्ट (म्हणजे जिथे तो पहिल्यांदा जज झाला ते) कुठलं आणि त्या हायकोर्टाचे किती जण दिल्लीत आधीच बसलेत, या चार गोष्टी मांडल्या की यादी आपोआप आखूड होते. निकाल कसे लिहिले हा प्रश्न त्यानंतर येतो.

आधी घटनेत काय आहे ते पटकन पाहू. अनुच्छेद १२४ नुसार राष्ट्रपती आपल्या सही-शिक्क्याच्या अधिपत्रानं नेमणूक करतात. पात्रता तीनपैकी एक: हायकोर्टात पाच वर्षं न्यायाधीश, हायकोर्टात दहा वर्षं वकिली, किंवा राष्ट्रपतींच्या मते विख्यात विधिज्ञ. या तिसऱ्या दारातून आजवर एकही माणूस आत गेलेला नाही. विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्यांनी ती ओळ वाचून उसासा टाकावा, एवढाच तिचा आजवरचा उपयोग. १९५० मध्ये सरन्यायाधीश धरून आठ जागा होत्या, २०१९ मध्ये त्या ३४ झाल्या. निवृत्तीचं वय ६५, हायकोर्टात ६२. ही तीन वर्षांची तफावत लक्षात ठेवा, पुढे तीच सगळा खेळ करते.

आज नावं ठरवतो तो ज्येष्ठ न्यायमूर्तींचा गट म्हणजे ‘कॉलेजियम’, पण हा शब्द घटनेत कुठेच नाही. २४ मे १९४९ ला घटना समितीत या कलमावर चर्चा झाली तेव्हा सरन्यायाधीशांची संमती बंधनकारक करावी अशी सूचना होती. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. सरन्यायाधीश झाला तरी माणूसच, त्यालाही आपल्यासारखे गुणदोष असणार, त्याच्या हाती नकाराधिकार देणं धोक्याचं, असं त्यांचं म्हणणं. एकट्या सरकारच्या हाती सोडणं किंवा संसदेच्या मंजुरीवर ठेवणंही त्यांना नको होतं. म्हणून सल्लामसलतीचा मधला मार्ग आला. पुढे १९७३ च्या एप्रिलमध्ये केशवानंद भारतीचा निकाल लागल्यावर लगेच शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या ज्येष्ठ तिघांना डावलून अजितनाथ राय सरन्यायाधीश झाले. १९७७ मध्ये हंसराज खन्नांना डावललं गेलं. त्या जखमेतूनच १९९३ चा नऊ न्यायमूर्तींचा निकाल आला आणि ‘सल्लामसलत’ या शब्दाचा अर्थ जवळपास ‘संमती’ झाला. १९९८ मध्ये राष्ट्रपतींनी मत मागितलं, त्या संदर्भावर उत्तर देताना कोर्टानं निवड करणाऱ्यांचा आकडा ठरवून दिला: सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठतम. होणारा सरन्यायाधीश त्या चारांत नसेल तर तो सहावा. धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीश झाले तेव्हा संजीव खन्ना असे सहावे होते.

१९९८ च्या त्या उत्तरात एक वाक्य आहे, ते परीक्षेत फारसं विचारलं जात नाही, पण माझ्या मते सगळ्याची गोम तिथेच आहे. कोर्ट म्हणतं, ज्येष्ठतेला मान द्या, मात्र असामान्य गुणवत्तेचा माणूस असेल तर ज्येष्ठता ओलांडून त्याला घेता येईल. आणि ज्यांना ओलांडलं त्या प्रत्येकाबाबत कारण नोंदवायची गरज नाही. ज्याला घेतलं त्याच्या बाजूचं कारण लिहिलं म्हणजे पुरे. दिसायला साधी व्यवस्था. पण याचा अर्थ असा की, कागदावर तुलना कधी येतच नाही. येते ती फक्त स्तुती.

आता कॅलेंडरकडे येतो.

समजा एक वकील ४४-४५ व्या वर्षी हायकोर्टावर गेला. आधी ॲडिशनल म्हणजे ठरावीक मुदतीचा जज, मग कन्फर्म. मुंबईसारख्या ९४ मंजूर जागांच्या कोर्टात वर सरकायला बारा-चौदा वर्षं लागतात. ५८-५९ ला तो दुसऱ्या एखाद्या हायकोर्टाचा मुख्य न्यायमूर्ती होतो. तिथून ६२ च्या आत दिल्लीचं बोलावणं आलं तर तीन-चार-पाच वर्षं मिळतात, नाही आलं तर घरी. हाच वकील ५० व्या वर्षी हायकोर्टावर गेला असता तर? वर पोचायच्या आतच ६२ पूर्ण. त्याच्या निकालांत कितीही दम असो, गाडी फलाटावर यायच्या आधीच याचं तिकीट संपलेलं.

उदाहरण आपल्या घरचंच घ्या. २९ मार्च २००० या एकाच दिवशी शरद बोबडे आणि धनंजय चंद्रचूड मुंबई हायकोर्टावर ॲडिशनल जज म्हणून आले. चंद्रचूड तेव्हा अवघे चाळीस, बोबडे चव्वेचाळिशीला आलेले. बोबडे २०१३ मध्ये दिल्लीला गेले, चंद्रचूड २०१६ मध्ये, आणि दोघेही सरन्यायाधीश झाले. त्या दिवशी कोर्टरूममध्ये टाळ्या वाजवणाऱ्या वकिलांपैकी कुणाला हे माहीत नव्हतं. पण दोघांची वयं आणि तारखा कुणी पाटीवर मांडल्या असत्या तर शक्यता दिसली असती. म्हणून मी ज्युनिअर पोरांना सांगतो की सर्वोच्च न्यायालयाची निवड दिल्लीत होते हे अर्धंच खरं. हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींनी आपल्या चेंबरमध्ये बोलावून ‘कन्सेंट देता का?’ असं विचारलं, तेव्हाच तिची पहिली फेरी झालेली असते, पंधरा-वीस वर्षं आधी.

या ‘कन्सेंट’चं एक जवळून पाहिलेलं सांगतो. माझ्याबरोबर प्रॅक्टिस सुरू केलेला एक मित्र, दिवाणी अपिलांत त्याच्यासारखा तयारीचा माणूस मी पाहिला नाही. ४३-४४ व्या वर्षी त्याला विचारणा झाली. दोन मुलींची शिक्षणं, नुकतं घेतलेलं घर, डोक्यावर हप्ते. त्यानं हात जोडले. सात वर्षांनी पुन्हा विचारणा झाली आणि तो ‘हो’ म्हणाला. आयकराची विवरणं, छापून आलेल्या निकालांची यादी, सगळी कागदपत्रं गेली. जज झाला, उत्तम झाला. पण शपथेच्या दिवशी चहा पिताना मला म्हणाला, “आपण आता इथूनच रिटायर व्हायचं, पुढची स्टेशनं आपल्या गाडीला नाहीत.” तो कुरकुरत नव्हता, हिशेब सांगत होता.

हे मी माझ्या मनानं जोडत नाही. कॉलेजियमच्या ठरावांतच हे गणित केलेलं असतं. मे २०२३ मध्ये ज्येष्ठ वकील के. व्ही. विश्वनाथन यांची शिफारस झाली. ठरावात त्यांची जन्मतारीख होती, २६ मे १९६६, आणि पुढे स्पष्ट लिहिलं होतं की ११ ऑगस्ट २०३० ला न्यायमूर्ती पारडीवाला निवृत्त झाले की विश्वनाथन सरन्यायाधीशपदाच्या रांगेत येतील. मार्च २०२५ मध्ये कोलकात्याच्या जॉयमाल्य बागचींचा ठराव आला. त्यात आधी सांगितलं की १८ जुलै २०१३ ला अल्तमस कबीर निवृत्त झाल्यापासून कोलकाता हायकोर्टाचा कुणीच सरन्यायाधीश झालेला नाही, आणि मग हिशेब दिला: २५ मे २०३१ ला विश्वनाथन जातील, त्यानंतर २ ऑक्टोबर २०३१ पर्यंत बागची. सहा वर्षांनंतरच्या चार महिन्यांचा बंदोबस्त आज करून ठेवलेला. एका रिकाम्या खुर्चीसाठी नाव निवडताना पाच माणसं खरं तर २०३१ ची सर्वोच्च खुर्चीही भरत असतात, आणि हे ते स्वतःच लिहितात. मला त्यात वावगं वाटत नाही. किमान कारण दिसतं तरी.

शपथेचा क्रमही असाच महत्त्वाचा. सरन्यायाधीशपद ज्येष्ठतेनं जातं आणि ज्येष्ठता मोजली जाते सर्वोच्च न्यायालयातल्या शपथेपासून. १० ऑक्टोबर २०११ ला दीपक मिश्रा आणि जस्ती चेलमेश्वर यांचा शपथविधी एकाच दिवशी झाला. हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती चेलमेश्वर आधी झाले होते, पण त्या दिवशी आधी शपथ घेतली मिश्रांनी. काही मिनिटांचा फरक. २०१७ मध्ये सरन्यायाधीश मिश्रा झाले, चेलमेश्वर त्यांच्या शेजारी क्रमांक दोनवर राहून जून २०१८ मध्ये निवृत्त झाले. आणखी एक हिशेब, हा मात्र माझा. मुंबईत अभय ओक ऑगस्ट २००३ मध्ये जज झाले, भूषण गवई नोव्हेंबर २००३ मध्ये. म्हणजे ओक ज्येष्ठ. दिल्लीला गवई २०१९ मध्ये गेले, ओक २०२१ मध्ये. २०१९ ला ओक आधी गेले असते तर १३ मे २०२५ ला संजीव खन्ना निवृत्त झाल्यावर ते सरन्यायाधीश झाले असते, २४ मे पर्यंत. अकरा दिवस!

मग गवईंचं नाव आधी का आलं? याचं उत्तर ठरावात आहे, आणि तो ठराव मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक इंटर्नला वाचायला देतो. ८ मे २०१९ चा तो कागद. त्यात लिहिलं आहे की या शिफारशीचा अर्थ मुंबई हायकोर्टातले त्यांच्याहून ज्येष्ठ असलेले तिघे कमी योग्य आहेत असा कुणी काढू नये. आणि या नेमणुकीनं जवळपास दशकभरानंतर सर्वोच्च न्यायालयात अनुसूचित जातीचे न्यायमूर्ती येतील. त्याआधीचे के. जी. बालकृष्णन २०१० मध्ये निवृत्त झाले होते. ३० हून अधिक न्यायमूर्तींच्या कोर्टात नऊ वर्षं एकही नाही, हे ज्यांना खटकत नव्हतं त्यांना हा ठराव खटकला. मला तो आवडतो, कारण त्यात कुणाला ओलांडलं हे कबूल केलं आहे आणि का हेही सांगितलं आहे. इतकं सरळ लिहिलेला दुसरा ठराव मला चटकन आठवत नाही. मे २०२५ मध्ये अमरावतीचे गवई सरन्यायाधीश झाले तेव्हा विदर्भात पेढे वाटले गेले. ते पेढे खरे २०१९ चे.

बायकांच्या बाबतीत हेच कॅलेंडर फार कठोर निघालं आहे. पहिल्या फातिमा बीवी, तेही १९८९ मध्ये. आपल्या मुंबईच्या सुजाता मनोहर १९९४ मध्ये, रंजना देसाई २०११ मध्ये. २०२१ पर्यंत सगळ्या मिळून अकरा. हायकोर्टावर बायकांना उशिरा आणि कमी घेतलं की दिल्लीच्या यादीत त्या दिसणार कुठून? ३१ ऑगस्ट २०२१ ला एकाच दिवशी नऊ जणांनी शपथ घेतली, त्यात तिघी होत्या. त्यांतल्या बी. व्ही. नागरत्ना २००८ मध्येच, पंचेचाळिशीत, कर्नाटक हायकोर्टावर आल्या होत्या, म्हणून त्यांना आकडा गाठता येतो: सध्याच्या क्रमानं सप्टेंबर २०२७ मध्ये त्या पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील. मुदत सुमारे ३६ दिवस.

प्रक्रियेबद्दल थोडक्यात, कारण ती तुम्हाला पुस्तकात मिळेल. जागा रिकामी होणार हे तारखेसकट आधीच माहीत असतं. सरन्यायाधीश चौघांशी बोलतात. ज्या हायकोर्टाचा उमेदवार, त्या हायकोर्टातून सर्वोच्च न्यायालयात आलेल्या ज्येष्ठतम न्यायमूर्तींचं मतही घेतात, ते कॉलेजियमात नसले तरी. सगळ्यांची मतं लेखी. मग कायदामंत्री, पंतप्रधान, राष्ट्रपती. मंजुरी झाली की निवडलेल्या माणसाकडून शारीरिक तंदुरुस्तीचा दाखला मागवतात, त्यावर सही सिव्हिल सर्जनची किंवा जिल्हा वैद्यकीय अधिकाऱ्याची. देशाचा कायदा अंतिमतः सांगणारा माणूस सिव्हिल हॉस्पिटलच्या कागदावर ‘फिट’ ठरल्याशिवाय शपथ घेत नाही, ही गोष्ट मला फार आवडते.

कॉलेजियमचं दार आतून कसं दिसतं ते एकदाच जरा उघडलं गेलं, ते सांगायलाच हवं. २०२२ मध्ये उदय लळित सरन्यायाधीश झाले, ७४ दिवसांसाठी. सोलापूरचे, बारमधून, म्हणजे हायकोर्टाचे जज न होता वकिलीतूनच, थेट सर्वोच्च न्यायालयात गेलेले. २६ सप्टेंबरच्या बैठकीत अकरा नावांवर चर्चा झाली. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्यावर एकमत झालं. बाकीच्यांसाठी एक नवी गोष्ट सुरू झाली होती: संभाव्य उमेदवारांचे निकाल पाचही जणांना वाचायला फिरवायचे आणि मग तुलना करायची. पुढची बैठक ३० सप्टेंबर, दुपारी साडेचार. चंद्रचूड त्या दिवशी रात्री ९ वाजून १० मिनिटांपर्यंत आपल्या कोर्टात मॅटर्स ऐकत बसले होते, बैठकीला आले नाहीत. लळितांनी त्याच दिवशी पत्र फिरवून चार नावांवर मत मागितलं: रविशंकर झा, संजय करोल, पी. व्ही. संजय कुमार आणि विश्वनाथन. कॉलेजियममधल्या कौल आणि के. एम. जोसेफ यांनी होकार दिला. चंद्रचूड आणि अब्दुल नझीर यांनी १ ऑक्टोबरला कळवलं की पत्र फिरवून नावं ठरवण्याची ही पद्धत आम्हाला मान्य नाही. नावांबद्दल मात्र काही म्हटलं नाही. लळितांनी पुन्हा पत्र लिहून दुसरा मार्ग सुचवा म्हटलं, उत्तर आलं नाही. तेवढ्यात ७ ऑक्टोबरला कायदामंत्र्यांचं पत्र आलं, तुमच्या वारसाचं नाव कळवा. मग प्रथेप्रमाणे पुढची बैठक घ्यायची सोय उरली नाही आणि फाईल मिटली.

हे आपल्याला कळलं, कारण कोर्टानंच निवेदन काढून सांगितलं, कुणाचा आक्षेप होता तेही नावानिशी. त्या संध्याकाळी बारच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो कागद आला तेव्हा पहिली पाच मिनिटं कुणी काही बोललंच नाही, आणि आमचा ग्रुप गप्प बसणाऱ्यातला नाही. निकाल वाचून तुलना करायची ही कल्पना इतकी साधी, की ७२ वर्षांनी ती ‘पहिल्यांदाच’ झाली हे वाचून हसावं की रडावं कळेना. त्या चौघांचं पुढे काय झालं पाहा. करोल आणि संजय कुमार यांची शिफारस डिसेंबर २०२२ मध्ये झाली, विश्वनाथन यांची मे २०२३ मध्ये. झा हायकोर्टातच राहिले. दोन महिने इकडे किंवा तिकडे झाले म्हणून रांग बदलते ती अशी.

दार बंद ठेवण्याचा उलटा नमुना त्याआधीचा आहे. १२ डिसेंबर २०१८ ला कॉलेजियमनं काही नावं ठरवली. सल्लामसलत पुरी झाली नाही. मधे एक न्यायमूर्ती निवृत्त झाले. आणि १० जानेवारी २०१९ ला वेगळी दोन नावं आली, दिनेश माहेश्वरी आणि संजीव खन्ना. ‘नव्यानं समोर आलेली माहिती’ एवढंच कारण. ज्यांचं नाव आधी झालं होतं असं म्हटलं गेलं ते प्रदीप नंदराजोग पुढे आपल्याकडे मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून आले आणि २०२० मध्ये इथूनच निवृत्त झाले. त्या डिसेंबरच्या बैठकीचा तपशील माहितीच्या अधिकारात मागितला गेला, तर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अंतिम ठराव झालाच नव्हता, त्यामुळे द्यायचं काही नाही. कायद्याच्या भाषेत उत्तर बरोबर असेल. नंदराजोगसाहेबांच्या जागी आपण असतो तर, एवढंच मनात येतं.

ऑगस्ट २०२५ ला मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे आणि गुजरात पॅरेंट असलेले विपुल पांचोली यांची शिफारस झाली. पांचोलींच्या नावाला नागरत्ना यांनी लेखी असहमती दिल्याच्या बातम्या सगळ्या वृत्तपत्रांत होत्या: ज्येष्ठता, आणि गुजरातचे दोघे आधीच असणं, हे मुद्दे. कोर्टानं प्रसिद्ध केलेल्या ठरावात असहमतीचा शब्दही नव्हता. असहमत असणं किंवा नसणं हा त्यांचा अधिकार. पण खंडपीठावर बसून अल्पमताचा निकाल छापणारे न्यायमूर्ती निवडीच्या वेळी अल्पमत का छापत नाहीत, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

सरकारचा हात यात कुठे लागतो? नाव सुचवण्यात नाही, वेळेत. मे २०२५ मध्ये नागपूरचे अतुल चांदूरकर आणि आणखी दोघांची शिफारस २६ तारखेला झाली, शपथ ३० ला. चार दिवस. दीपांकर दत्तांना २६ सप्टेंबर ते १२ डिसेंबर, अकरा आठवडे लागले. के. एम. जोसेफ यांची शिफारस १० जानेवारी २०१८ ची. त्यांच्याबरोबर ज्येष्ठ वकील इंदू मल्होत्रांचं नाव होतं. सरकारनं दोन्ही नावं वेगळी केली, मल्होत्रांना एप्रिलमध्ये नेमलं आणि जोसेफ यांचं नाव परत पाठवलं. केरळचं प्रतिनिधित्व आधीच आहे, इतर ज्येष्ठ आहेत, अशी कारणं. त्यांनी २०१६ मध्ये उत्तराखंडची राष्ट्रपती राजवट रद्द केली होती हे सगळ्यांना आठवत होतं. कॉलेजियमनं नाव पुन्हा पाठवलं तेव्हा ऑगस्टमध्ये नेमणूक झाली, आणि त्या दिवशीच्या तिघांत शपथ तिसरी. पुन्हा पाठवलेलं नाव सरकारनं मान्य करायचं हे ठरलेलं आहे. किती दिवसांत, हे ठरलेलं नाही. सरकारला नकार द्यावा लागत नाही, नुसतं थांबून चालतं, कारण उमेदवाराचं वय थांबत नाही. २०१४ मध्ये ज्येष्ठ वकील गोपाल सुब्रमण्यम यांचं नाव असंच बाजूला काढलं गेलं आणि त्यांनी स्वतःच संमती मागे घेतली.

थांबणं फक्त सरकारच्याच बाजूनं होतं असंही नाही. बोबडेसाहेब सतरा महिने सरन्यायाधीश होते, त्या काळात सर्वोच्च न्यायालयासाठी एकही शिफारस गेली नाही. कॉलेजियममध्येच एकमत होत नव्हतं, हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती अकील कुरेशी यांच्या ज्येष्ठतेवरून अडलं होतं, असं तेव्हा छापून येत होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायमूर्ती नरिमन निवृत्त झाले आणि पाच दिवसांत नऊ नावं गेली. त्यात कुरेशी नव्हते.

अमेरिकेबद्दल. तिथे राष्ट्राध्यक्ष नाव देतात, सिनेटची समिती दिवसेंदिवस जाहीर प्रश्न विचारते, मग मतदान. पण उघडेपणाचा भरवसा धरू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायमूर्ती स्कालिया वारले, मार्चमध्ये ओबामांनी मेरिक गार्लंड यांचं नाव दिलं. निवडणुकीचं वर्ष आहे म्हणून सिनेटनं त्यांची मुलाखतच घेतली नाही. २०२० मध्ये गिन्सबर्ग १८ सप्टेंबरला गेल्या आणि निवडणुकीच्या आठ दिवस आधी एमी कोनी बॅरेट यांची निवड पक्कीही झाली. शिवाय तिथे नेमणूक तहहयात, म्हणून तिथलं कॅलेंडर उलटं चालतं: जितका तरुण तितका बरा. आपल्याकडे पर्याय करून पाहिला तो २०१४ च्या न्यायिक नियुक्ती आयोगाचा: सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि दोन मान्यवर व्यक्ती. कुठल्याही दोघांचा नकार पुरे. १६ ऑक्टोबर २०१५ ला तो चार विरुद्ध एक असा रद्द झाला. त्या एकानं, चेलमेश्वर यांनी, पुढच्या वर्षी लेखी टिपण ठेवत नसाल तर मी कॉलेजियमच्या बैठकीला बसणार नाही असं कळवलं. ठराव संकेतस्थळावर यायला लागले ते ऑक्टोबर २०१७ पासून.

माझं मत विचाराल तर आयोग की कॉलेजियम या वादात मला फार रस उरलेला नाही. खोलीत कोण बसतं यापेक्षा टेबलावर काय ठेवलं आहे हे मला महत्त्वाचं वाटतं. लळितांनी फिरवले तसे निकाल दर वेळी फिरवा. ज्या तिघा-चौघांना ओलांडलं त्यांची नावं न घेता का होईना, २०१९ च्या गवई ठरावासारखं एक वाक्य लिहा. आणि हायकोर्टासाठी कन्सेंट विचारताना बायका, दलित, जिल्ह्यातून आलेले वकील यांना चाळिशीतच विचारा, पन्नाशीची वाट पाहू नका. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. मात्र विचारणारा मुख्य न्यायमूर्ती बाहेरच्या राज्यातून आलेला असतो आणि दीड-दोन वर्षांत जातो. त्याला नांदेड किंवा रत्नागिरीच्या कोर्टात कोण चांगला उभा राहतो हे कळणार कसं, याचं उत्तर माझ्याकडेही नाही.

आता तुमच्या त्या न्यायमूर्तींचं. नाव तुम्ही लिहिलं आहे, मी इथे घेत नाही. हायकोर्टाच्या संकेतस्थळावर त्यांची जन्मतारीख आणि नेमणुकीची तारीख आहे, मी आत्ताच पाहिली. ते जज झाले तेव्हा त्यांना एक्कावन्नावं लागून चार महिने झाले होते. येत्या वर्षी ६२ पूर्ण होतील, आणि आज मुंबईच्या यादीत त्यांच्यावर अजून सहा जण आहेत.